न दुखणारा कान

ज्या कानाचा ठणका रात्रभर सगळं घर जागं ठेवतो, तो कान बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. काळजी करावी ती दुसऱ्या कानाची. तो दुखत नाही, त्याने ताप येत नाही. सर्दी झाली की नुसता ओला होतो आणि चार दिवसांनी आपोआप कोरडा पडतो. ऐकायला हे उलटं वाटतं. पण माझा डावा कान या दुसऱ्या जातीचा आहे. त्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढल्यावर पू, पडदा आणि बहिरेपण यांचं आपसातलं नातं मला थोडंफार उमगलंय. मी डॉक्टर नाही, पण जुन्या पेशंटला आपल्या बिघडलेल्या अवयवाचा भूगोल पाठ होतो.

तर आधी तो भूगोल. पडद्याच्या पलीकडे हवेने भरलेली एक इवलीशी पोकळी आहे, एक-दोन मिलिलीटरची. हाच मध्यकर्ण. त्यात तीन हाडं एकमेकांना सांध्यांनी जोडलेली असतात: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, उंचीला तीनेक मिलिमीटर. त्याचा तळवा एका अंडाकृती खिडकीत बसलेला असतो आणि खिडकीमागे अंतर्कर्णातला द्रव असतो. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळाच परत फिरतो, आत फार थोडा शिरतो. म्हणून मोठ्या पडद्यावर पडलेला दाब या तीन हाडांमार्फत छोट्याशा खिडकीवर एकवटायचा. पडद्याचं कंप पावणारं क्षेत्र खिडकीच्या साधारण 17 पट असतं. हाडांच्या तरफेचा थोडा फायदा त्यात मिळवला, की दाब 20 पटींच्या आसपास वाढतो. ही यंत्रणा कोरडी आणि हलती असेपर्यंतच चालते. तिथे पाणी साचलं, सांधा सुटला किंवा पडद्याला भोक पडलं, की आवाज दाराशीच अडतो.

या पोकळीला मागचं दारही आहे. नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या भागातून एक नळी मध्यकर्णात येते. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि चांगली तिरकी असते. तान्ह्या बाळात ती निम्मीच लांब आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीचे जंतू सहज वर चढतात, आणि पोरांचे कान मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा बिघडतात. मूल मोठं होतं तशी नळी लांब आणि तिरकी होत जाते, आणि बऱ्याच जणांचा त्रास वयाबरोबर आपोआप संपतो. आपोआप संपतो हे खरं असल्यामुळेच ज्यांचा संपत नाही त्यांच्याकडे उशिरा लक्ष जातं.

अचानक उठणारं कानाचं दुखणं साधारण असं चालतं. सर्दीमागोमाग न्यूमोकोकस किंवा हिमोफिलस जातीचे जंतू आत शिरतात, पू होतो, पडदा लालबुंद होऊन बाहेर फुगतो. त्या ताणानेच जीव कासावीस होतो. मग कधीकधी पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि रडणारं मूल झोपी जातं. पहाटे उशीवर डाग दिसला की आईच्या पोटात गोळा येतो, पण कानाच्या दृष्टीने बरेचदा ही सुटका असते. असं छोटं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतं आणि ऐकू पूर्ववत येऊ लागतं. हा ठणका कितीही भयंकर असो, कायमचं बहिरेपण मागे ठेवून जाणं हे त्याचं नेहमीचं वागणं नाही.

खरी गोष्ट ठणका थांबल्यावर सुरू होते. पू गेला तरी पाणी मागे राहतं. कानाचं असं दुखणं येऊन गेल्यावर महिन्याभराने तपासलं, तर दहांतल्या चारेक मुलांच्या मध्यकर्णात अजून द्रव असतो. तीन महिन्यांनी असा द्रव दहांतल्या एखाद्याच्याच कानात उरतो. पहिल्यांदा पातळ असलेलं हे पाणी पुढे गोंदासारखं चिकट होऊ शकतं. मुलाला ताप नसतो, दुखत नसतं, ते खेळत असतं. फक्त पाठीमागून मारलेली हाक त्याला लागत नाही. या पाण्याने ऐकण्यात साधारण 20 ते 30 डेसिबलची घट येते, म्हणजे कानांत बोटं घालून वावरण्याइतकी. समोरचं, जवळचं, मोठ्याने बोललेलं कळतं. शेवटच्या बाकावर बसून शिकवलेलं कळत नाही. अशी मुलं 'लक्ष देत नाहीत' किंवा 'ऐकून न ऐकल्यासारखं करतात' असं ऐकतच मोठी होतात. हे बहिरेपण कायमचं नव्हे. पाणी गेलं की ते जातं. पण भाषा शिकायच्या वयात महिनोन् महिने अर्धवट ऐकू आलं, तर त्या महिन्यांचं काय, हा प्रश्न राहतो. त्यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही.

कायमच्या नुकसानीकडे जाणाऱ्या वाटा इथून पुढे फुटतात.

पहिली वाट पडदा आणि हाडांची. भोक भरून आलं नाही आणि कान वाहत राहिला, की दुखणं जुनाट होतं. या अवस्थेत ठणका जवळजवळ नसतोच, आणि लोक त्याला सरावतात. माझंही तसंच होतं. खिशात कापूस असायचा, पोहायचं नाही हे ठरलेलं, आणि 'डावीकडून बोलू नका' हे मित्रमैत्रिणींना माहीत. आतली सूज मात्र आपलं काम करत असते. ऐरणीचा लांब पाय हा या साखळीतला सगळ्यात नाजूक भाग, रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून झिजतो तो बहुधा आधी. साखळी पूर्ण तुटली आणि वरून पडदा मात्र धड असला, तर 50-60 डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. नुसतं भोक असलेल्या कानापेक्षा हा कान जास्त बहिरा.

तरीही या वाटेवरून परत फिरता येतं. पडदा नव्याने बसवता येतो, झिजलेल्या हाडाच्या जागी कृत्रिम तुकडा ठेवता येतो. जर्मनीतल्या वुलस्टाइन आणि झोलनर यांनी 1950 च्या दशकात या शस्त्रक्रियांची घडी बसवली, तेव्हापासून असंख्य कानांना गेलेला आवाज परत मिळाला. आवाज आत पोचवण्याचं काम बिघडलं असेल तर ते दुरुस्त होतं, निदान दुरुस्तीचा प्रयत्न तरी करता येतो.

दुसऱ्या वाटेवर तसं नाही. रिकिबीच्या खिडकीच्या खाली आणखी एक खिडकी आहे, गोल. तिला हाड नाही, फक्त एक पातळ पापुद्रा आहे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. रिकीब आत दाबली गेली की द्रवाला हलायला जागा मिळावी म्हणून ही खिडकी बाहेर फुगते. पापुद्र्याच्या एका बाजूला मध्यकर्ण, दुसऱ्या बाजूला थेट शंखाकृती कोक्लियाचा, म्हणजे प्रत्यक्ष ऐकणाऱ्या अवयवाचा, द्रव. म्हणजे पू आणि ऐकण्याच्या पेशी यांच्यामध्ये एवढंच कुंपण. जंतूंनी सोडलेली विषं आणि सुजेतली रसायनं त्यातून पाझरून आत जाऊ शकतात. पाझरणं कितपत होतं असं कुणी विचारलं, तर उत्तर औषधोपचारातच आहे. अचानक बहिरेपण आलं तर डॉक्टर पडद्यातून सुई घालून मध्यकर्णात स्टेरॉइड सोडतात आणि ते याच खिडकीतून आत झिरपावं अशी अपेक्षा असते. मेनिएर या अंतर्कर्णाच्या आजारात चक्कर कशानेच आटोक्यात येत नसेल, तर तोल सांभाळणाऱ्या पेशी मुद्दाम मारण्यासाठी जेंटामायसिन याच मार्गाने देतात. ज्या वाटेने औषध जातं त्या वाटेने विषही जाणार.

आता कोक्लियाची रचना बघा. शंखाच्या वेटोळ्यात वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांना वेगवेगळ्या जागा नेमून दिलेल्या आहेत. खालचे, घुमणारे स्वर शंखाच्या टोकाशी आणि उंच, धारदार स्वर तळाशी. गोल खिडकी उघडते ती नेमकी या तळाशी. त्यामुळे बाहेरून काही झिरपलं तर पहिला मार उंच स्वरांच्या पेशींना बसतो. माणसाच्या प्रत्येक कानात या ऐकण्याच्या पेशी, म्हणजे केसपेशी, जन्मतःच मोजक्या असतात, आतल्या रांगेत साडेतीन हजारांच्या आसपास आणि बाहेरच्या रांगांत बारा हजारांच्या आसपास. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. पक्ष्यांच्या कानात येते, आपल्या नाही. निसर्गाने चिमणीला दिलेली ही सवलत माणसाला का दिली नाही, याचा मला अधूनमधून राग येतो.

ऑपरेशनच्या आधीची माझी तपासणी मला स्पष्ट आठवते. डॉक्टरांनी 512 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा कपाळाच्या मधोमध टेकवला. "आवाज कुठल्या कानात येतोय?" मी डावीकडे बोट दाखवलं. म्हणजे बिघडलेल्या कानाकडे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, पण डॉक्टरांचा चेहरा खुलला. ही वेबरची चाचणी, 1834 मधली. आवाज आत नेणारी यंत्रणा बिघडली असेल आणि आतल्या पेशी धड असतील, तर कवटीतून येणारा नाद बिघडलेल्या कानातच मोठा वाटतो. आतल्या पेशी किंवा नस गेली असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. मग तोच काटा कानामागच्या हाडावर, आणि लगेच कानासमोर हवेत. ही रिने यांची चाचणी, 1855 ची. निरोगी कानाला हवेतला आवाज मोठा वाटतो. मला हाडावरचा वाटला. पोलादाचा एक तुकडा आणि दोन जुने प्रश्न यांवर एका मिनिटात एवढं निदान होतं, याचं मला आजही कौतुक आहे.

नंतर ऑडिओग्राम काढला. बंद खोली, हेडफोन, हातात बटण. दुसऱ्या कानाने चोरून मदत करू नये म्हणून त्यात खरखर सोडलेली. मधूनच एखादी शिट्टी इतकी बारीक येते की ती ऐकली की कल्पिली तेच कळत नाही, आणि बटणावरचा अंगठा उगाच अपराधी होतो. कागदावर दोन रेषा येतात. एक हवेतून ऐकलेल्याची, एक हाडातून ऐकलेल्याची. रेषा जितकी खाली तितकं ऐकणं कमी. माझी हवेची रेषा पन्नाशीच्या आसपास रेंगाळत होती, हाडाची रेषा वर, दहाच्या जवळ. या दोघींमधलं अंतर म्हणजे ऑपरेशनने मिळू शकणारा आवाज. पण कागदाच्या उजवीकडे, 4000 हर्ट्झपाशी, हाडाची रेषाही घसरून चाळिसाच्या खाली गेली होती. तिथे अंतर उरलंच नव्हतं.

हाडाची रेषा खाली दिसली म्हणजे आतल्या पेशी गेल्याच, असं लगेच म्हणू नये. साखळी अडकली असली तर हाडातून ऐकण्यातही थोडी खोट येते, विशेषतः 2000 हर्ट्झच्या आसपास, आणि ऑपरेशननंतर ती भरूनही निघते. जुनाट कानदुखण्यातल्या अशा घटीपैकी किती खरी आणि किती यंत्रणेची, यावर वाद आहेत. बऱ्याच रुग्णांत ती थोडीच असते हेही खरं. माझ्या बाबतीत ऑपरेशननंतरच्या कागदानेच निकाल दिला. पडदा छान बसला, खालच्या स्वरांतलं अंतर जवळजवळ मिटलं, कान पुन्हा वाहिला नाही. 4000 ची घसरण होती तिथेच राहिली. "दार दुरुस्त केलंय," सर्जन म्हणाले, "आतल्या खोलीत माझा हात पोचत नाही."

उंच स्वर गेल्याने काय होतं, हे समोरच्याला समजावणं अवघड जातं. मला ऐकू येतं. गडगडाट, ट्रकचा आवाज, बायकांपेक्षा पुरुषांचं बोलणं नीट येतं. जातात ती व्यंजनं. स, श, फ, थ यांची ताकद उंच पट्टीत असते, अ-आ-ओसारख्या स्वरांची खालच्या पट्टीत. त्यामुळे वाक्याचं अंग कळतं आणि नाकडोळे गायब असतात. डाव्या बाजूने कुणी 'फळ' म्हटलं तर मला 'पळ' ऐकू येऊ शकतं. शांत खोलीत संदर्भावरून निभावतं, दहा जण एकदम बोलत असले की नाही. गंमत अशी की जरा मोठ्याने बोल म्हटलं आणि कुणी आवाज चढवला, की तोच आवाज एकदम टोचतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागा अशा कानात अरुंद होते. मग आपणच म्हणतो, ओरडतोस कशाला? लोकांना वाटतं नखरे आहेत.

आणि दिशा. दोन्ही कान सारखे नसले की आवाज कुठून आला ते कळत नाही. रस्त्यात हाक आली की मी हमखास उजवीकडे वळते.

तिसरी वाट सगळ्यात कपटी. नळी नीट चालत नसेल तर मध्यकर्णातला दाब कमी राहतो आणि पडदा आत ओढला जातो. ओढला जाता जाता त्याची एक खिशासारखी वळकटी तयार होते. पडद्याची बाहेरची बाजू ही त्वचाच, तिचा कोंडा सतत सुटत असतो. एरवी तो सरकत बाहेर येतो, पण खिशात अडकला की साचत जातो. या साचलेल्या गोळ्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. तो कॅन्सर नव्हे, पण आजूबाजूचं हाड खातो. ऐरण, मग तोल सांभाळणाऱ्या नलिकेवरचं कवच, चेहऱ्याच्या नसेची भिंत, मेंदूखालचं पातळ छप्पर. तो दुखत नाही. थोडासा घाण वासाचा स्राव येतो, बस्स. यातला एक प्रकार तर मला थक्क करणारा वाटतो. हाडांची साखळी खाऊन टाकल्यावर तो गोळाच मधली जागा भरून आवाज पलीकडे पोचवतो, आणि पेशंटला बऱ्यापैकी ऐकू येत राहतं. गोळा काढला की ऐकणं कमी होतं. काढावा तर लागतोच. ऑपरेशनआधी ही कल्पना न दिलेला पेशंट डॉक्टरला जन्मभर बोल लावणार, आणि त्याचंही काही चुकलं नाही.

संसर्ग थेट अंतर्कर्णात घुसला किंवा त्यातून मेंदूज्वर झाला, तर काही तासांत कान कायमचा जाऊ शकतो, आणि मेंदूज्वरानंतर कोक्लियाची पोकळीच हाडाने भरून येऊ शकते. अशा वेळी कोक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे कोक्लियात ऐकण्याचं यंत्र बसवण्याचा, निर्णय लांबवून चालत नाही. हे क्वचित घडतं, पण कान वाहणाऱ्याला अचानक गरगरून चक्कर आली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा ताप येऊन मान ताठ झाली, तर सकाळपर्यंतही थांबायचं नसतं.

थेंबांबद्दल एक गोष्ट. पडद्याला भोक असताना कानात काय टाकलं जातं याला महत्त्व आहे, कारण ते गोल खिडकीपर्यंत पोचतं. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधं केसपेशींना मारक ठरू शकतात, म्हणून अशा कानात हल्ली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब पसंत केले जातात. घरातल्या कपाटात उरलेली जुनी बाटली मात्र यातला भेद करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालात म्हटलंय, की जगात 150 कोटींहून जास्त लोकांचं ऐकणं कमी-अधिक घटलेलं आहे आणि मुलांमधलं साठ टक्क्यांच्या आसपास बहिरेपण टाळता येण्याजोगं आहे. त्या टाळता येण्याजोग्या कारणांत वाहते कान आहेतच. न्यूमोकोकसची लस, अंगावरचं दूध, घरात विडी-सिगारेटचा धूर नसणं, यांनी कानाचं दुखणं थोडंफार कमी होतं. पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त कान 'आता दुखत नाही ना, मग झालं' या वाक्याने गेले असतील.

सध्या ताईचा धाकटा या फेऱ्यात आहे. टीव्हीचा आवाज वाढवतो, तीनदा हाक मारल्यावर 'काय?' म्हणतो. ताई चिडून म्हणाली, "याला ना, मुद्दाम ऐकायचं नसतं." मी म्हटलं, "ताई, एकदा कान तपास, मग रागव." कानात रबरी बोंडी बसवून दाब कमी-जास्त करत पडदा किती हलतो ते मोजतात, ती तपासणी झाली. निरोगी कानाच्या आलेखाला मधोमध शेंडा येतो. त्याच्या दोन्ही कानांच्या रेषा सपाट आल्या, म्हणजे आत पाणी. लगेच पडद्यात बारीक नळ्या घालायची घाई डॉक्टरांनी केली नाही, कारण बहुतेक पाणी तीन महिन्यांत आपलं आपण जातं. अँटिबायोटिकही दिलं नाही, त्याचा इथे फारसा उपयोग नसतो. तोपर्यंत त्याच्याशी समोर बसून बोलायचं, वर्गात पहिल्या बाकावर बसवायचं आणि तारीख चुकवायची नाही. ताईला हे 'काहीच न करणं' मुळीच पटलं नव्हतं. परवा फेरतपासणी झाली. उजव्याला शेंडा आलाय, डावा अजून सपाट. डाव्यात पडदा किंचित आत ओढल्यासारखा दिसतो म्हणून त्याची ऐकण्याची चाचणीही लावलीय, पुढच्या आठवड्यात. बटण कधी दाबायचं ते मी त्याला आत्ताच शिकवून ठेवलंय.